श्रीलंकेचे मोफत शिक्षण : दर्जा कुणापर्यंत पोहोचला?

गरीब देशांच्या विकासाची चर्चा निघाली की शाळांची संख्या आणि पटनोंदणी यांचे आकडे पुढे केले जातात. शाळेत गेलेले मूल शिकते का, हा प्रश्न मागेच राहतो. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अंदाजानुसार कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील १० वर्षांच्या ५३ टक्के मुलांना एक साधी गोष्ट वाचून समजत नव्हती. यातली बहुतेक मुले शाळेत जाणारी होती. आपल्याकडे 'असर'च्या पाहण्याही वर्षानुवर्षे हेच सांगतात : ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही.

शाळा असणे आणि शिक्षण मिळणे यातला फरक समजून घ्यायला श्रीलंकेसारखे उदाहरण नाही. आपण त्या देशाचे नाव महेंद्र-संघमित्रा आणि अनागारिक धम्मपाल यांच्या संदर्भात घेतो, तिथल्या शाळांबद्दल मात्र क्वचितच बोलतो.

ब्रिटिश काळात सिलोनमध्ये दोन प्रकारच्या शाळा होत्या. सिंहली आणि तमिळ माध्यमाच्या शाळांत फी नव्हती. इंग्रजी शाळांत फी होती, आणि सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरकी यांची वाट तिथूनच जात होती. म्हणजे गरिबांसाठी मोफत शाळा आधीही होत्या, फक्त त्या कुठे पोहोचवत नव्हत्या. हे नेमके ओळखले ते सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांनी. शिष्यवृत्तीवर गॉलच्या रिचमंड कॉलेजात शिकलेले हे वकील १९३१ ते १९४७ शिक्षणमंत्री होते. १९३१ मध्येच तिथे स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला होता. खेड्यातल्या मतदाराचे मूल कसे शिकते, याची दखल राजकारणाला घ्यावी लागणार होती.

कन्नंगरांच्या समितीचा अहवाल १९४३ मध्ये आला आणि १९४५ पासून बालवर्ग ते विद्यापीठ शिक्षण मोफत झाले. फी माफीइतकीच महत्त्वाची होती ती ग्रामीण भागात उभारलेली मध्यवर्ती विद्यालये. त्यांची संख्या ५४ सांगितली जाते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह आणि चांगले शिक्षक शहराबाहेर गेले. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून खेड्यातली हुशार मुले तिथे राहून शिकू लागली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत ठेवले गेले. विरोध अर्थातच झाला, मोठ्या खासगी शाळांचे चालक आणि सुस्थितीतले जमीनदार त्यात होते. आणि १९४७ च्या निवडणुकीत कन्नंगरा स्वतः पडले. समाजकार्यात असलेल्यांनी हेही लक्षात ठेवलेले बरे.

त्याच १९४५ साली, ८ जुलैला, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही प्रयत्नांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, पण आग्रह एकच दिसतो : वंचितांच्या वाट्याला दुय्यम शिक्षण येता कामा नये. १९५० च्या मे महिन्यात बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब सिलोनला गेले, तेव्हा तिथला हा बदल नुकता सुरू झालेला होता.

परिणाम कसा झाला, हे बाळंतपणाच्या आकड्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. १९३० च्या दशकात तिथे दर लाख जन्मांमागे हजाराहून अधिक माता दगावत. अलीकडच्या बहुतेक वर्षांत हा आकडा चाळिसाच्या आत राहिला आहे. मोफत दवाखाने, मलेरियाचे नियंत्रण ही कारणे आहेतच. पण गावोगावी फिरणारी प्रशिक्षित सुईण आली कुठून? ती शाळा शिकलेली मुलगी होती, आणि तिने दिलेला कागद वाचू शकणारी आईही शाळा शिकलेली होती. दवाखाना बांधायला पैसा लागतो, पण तो चालवायला वाचणारी माणसे लागतात. ती एका पंचवार्षिक योजनेत तयार होत नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, एवढे शिकलेला देश २०२२ मध्ये दिवाळखोर कसा झाला? कागदाअभावी तिथे शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. परकीय कर्ज, कपात केलेले कर, आटलेले पर्यटन ही त्यामागची कारणे शाळेत सापडणार नाहीत. मला अधिक गंभीर वाटते ते १९७१ चे बंड. त्यात शिकलेली, खेड्यातली, बेकार मुले मोठ्या संख्येने होती. शिक्षण वाढले, पण त्या प्रमाणात रोजगार वाढला नाही, आणि इंग्रजी येणाऱ्यांचा वरचष्मा तसाच राहिला. आज तिथे परीक्षेसाठी शिकवण्यांचा बाजारही मोठा आहे, म्हणजे फी मागच्या दाराने परत आली.

पण सगळ्यात मोठी उणीव चहाच्या मळ्यांत आहे. ब्रिटिशांनी तमिळ प्रदेशातून नेलेल्या या मजुरांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक मोठ्या प्रमाणात होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचे नागरिकत्वच नाकारले. मतच नाही, मग त्यांच्या शाळेची चिंता कोण करणार? मळेवाल्यांच्या ताब्यातल्या, बऱ्याचदा एकशिक्षकी शाळांत मुले कशीबशी पाचवीपर्यंत शिकत. १९७० च्या दशकात सरकारने या शाळा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. नागरिकत्वाचा उरलेला प्रश्न सुटायला २००३ उजाडले. आजही देशाची सरासरी आणि मळ्यांतली साक्षरता यांत अंतर आहे. तमिळ माध्यमात गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक तिथे पुरेसे मिळत नाहीत.

बौद्ध बहुसंख्य देशाने हे केले, हे आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. साक्षरतेची सरासरी सांगताना ती कुणाला वगळून आली, हे विचारायला आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

आपल्या वस्त्यांतही हे तपासता येते. विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालत असेल तर किती मुले येतात याची नोंद आपण ठेवतोच. त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा. पाचवीतल्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या पुस्तकातले एक पान वाचायला द्यावे आणि काय आढळले ते लिहावे. एका मुलामागे पाच मिनिटे लागतात. तीच वही घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बसता येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.