जहाजावरील मांजर : उपयुक्तता आणि संरक्षण

शिडाच्या जहाजांच्या काळात मांजर ही चैनीची बाब नव्हती. जहाजाच्या साधनसामग्रीतच त्याची गणना होई. धान्य, कापड, दोरखंड, शिडे या साऱ्यांना उंदरांचा उपद्रव असे. भूमध्य समुद्रावरील व्यापाराचे रिवाज एकत्र करणाऱ्या 'कोन्सोलात दे मार' या चौदाव्या शतकातील कातालान संहितेत याचे स्पष्ट प्रतिबिंब आढळते. जहाजावर मांजर नसताना उंदरांनी मालाची नासधूस केल्यास जहाजमालकाला भरपाई द्यावी लागे. मांजरे प्रवासात मेली असल्यास त्याला सूट मिळे. मात्र पुढील बंदरात नवी मांजरे घेणे त्याच्यावर बंधनकारक होते. या तरतुदीचा हेतू मालाचे रक्षण हा होता. मांजराच्या जिवाची काळजी वाहणारी एकही तरतूद तीत दिसत नाही.

ही काळजी व्यक्तिगत जिव्हाळ्यातून आली आणि म्हणूनच ती त्या व्यक्तीच्या अधिकाराइतकीच टिकाऊ ठरली. ब्रिटिश नौदलातील मॅथ्यू फ्लिंडर्स याचा 'ट्रिम' हा बोका 1799 मध्ये 'रिलायन्स' या जहाजावर जन्मला. लहानपणी तो समुद्रात पडला. परंतु पोहत येऊन सोडलेल्या दोराला धरून वर चढला. पुढे 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरून फ्लिंडर्सने 1802-03 मध्ये ऑस्ट्रेलियाला जी प्रदक्षिणा घातली, तीत ट्रिम सोबत होता. 1803 मधील 'पॉर्पोइस'च्या अपघातातूनही तो बचावला. लाटा, दोर आणि प्रवाळखडक यांतून वाचलेला हा बोका जमिनीवर मात्र हरवला. त्याच वर्षी फ्लिंडर्स फ्रेंचांच्या ताब्यातील मॉरिशसमध्ये कैदी झाला. त्याने ट्रिमला एका फ्रेंच स्त्रीच्या घरी तिच्या मुलीसाठी सोबत म्हणून दिले आणि तेथून ट्रिम नाहीसा झाला. भुकेल्या गुलामाने त्याला खाल्ले असावे, असा फ्लिंडर्सचा ग्रह होता. या ग्रहाला पुरावा नाही. त्यातून ट्रिमच्या अंतापेक्षा गुलामगिरीवर उभ्या असलेल्या त्या बेटाचेच अधिक दर्शन घडते. 1809 मध्ये, कैदेत असतानाच, फ्लिंडर्सने ट्रिमवर एक आदरांजलीपर लेख लिहिला. तो प्रसिद्ध होण्यास मात्र 1970 चे दशक उजाडावे लागले.

ट्रिमचा धनी जहाजाचा अधिपती होता. 'एंड्युरन्स'वरील 'मिसेस चिप्पी'चा धनी हॅरी मॅकनिश हा सुतार होता. (नाव स्त्रीचे असले तरी हाही बोकाच.) सप्टेंबर 1914 मध्ये तो केबिनच्या खिडकीतून समुद्रात पडला, तेव्हा पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने जहाज वळवून त्याला वर काढले. पुढच्याच वर्षी अंटार्क्टिकातील बर्फाने जहाज चिरडले आणि ते सोडावे लागले. 29 ऑक्टोबर 1915 रोजी मोहिमेचा प्रमुख अर्नेस्ट शॅकल्टन याने बोक्यासह लहान कुत्र्यांनाही गोळ्या घालण्यात येतील, असे ठरविले. अन्नाची टंचाई आणि पुढील खडतर वाटचाल लक्षात घेता या निर्णयाला क्रूर म्हणणे अनैतिहासिक ठरेल. तरीही मॅकनिशच्या मनातील अढी गेली नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे त्याच्या थडग्यावर 2004 मध्ये कांस्याचे मांजर बसविण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर एका नव्या अडचणीची भर पडली. 'अ‍ॅमेथिस्ट' या युद्धनौकेवर एप्रिल 1949 मध्ये यांगत्से नदीत चिनी साम्यवादी सैन्याने तोफा डागल्या. तीत 'सायमन' हे मांजर जखमी झाले. नौका अडकून पडली असताना त्याने बरे होऊन अन्नसाठ्यावरील उंदीर मारले. पशूंच्या शौर्यासाठी दिले जाणारे डिकिन पदक मिळविणारे ते एकमेव मांजर होय. मात्र इंग्लंडला पोहोचल्यावर रेबीजच्या भीतीने केलेल्या कायद्यानुसार त्याला विलगीकरणात ठेवावे लागले आणि नोव्हेंबर 1949 मध्ये तेथेच ते मेले. तोफगोळ्यांतून वाचलेल्या या प्राण्याच्या मृत्यूवर ब्रिटिश जनतेने जो शोक केला, तो पाहता मांजराकडे निव्वळ साधन म्हणून पाहण्याची दृष्टी तोवर मागे पडली होती, असे म्हणता येते. तथापि नौदलाच्या लेखी आरोग्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला. 1975 मध्ये ब्रिटिश नौदलाने आपल्या जहाजांवर मांजरे ठेवण्यास बंदी घातली.