बंद लॅपटॉपचा जळता पार्श्वदीप : कारणमीमांसा व उपाययोजना

प्रथम दोन संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. द्रवस्फटिक पटल स्वतः प्रकाशमान नसते. मागून येणारा प्रकाश ते अडवते किंवा पुढे जाऊ देते. तो प्रकाश पुरविणारी एलईडींची रांग म्हणजे पार्श्वदीप. ओएलईडी पटलास पार्श्वदीप नसतो, म्हणून त्याचा येथे विचार केलेला नाही. दुसरी संज्ञा 'बंद'. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय मानकानुसार एस0 ही कार्यरत अवस्था, एस3 ही स्मृतीपुरती वीज राखणारी निद्रा, एस4 ही स्मृती डिस्कवर उतरवून घेतलेली निद्रा आणि एस5 ही बंद अवस्था होय. मात्र एस5 मध्येही यंत्र निर्विद्युत नसते. पॉवर बटनावर लक्ष ठेवणारा एम्बेडेड कंट्रोलर जागाच असतो.

पार्श्वदीपास तीन गोष्टी लागतात : (1) वीजपुरवठा, (2) अनुमती-संकेत, (3) तेजस्विता ठरविणारा पल्स-संकेत. यांपैकी पहिली अनेक रचनांत मुख्य वाहिनीवरून फ्यूजमार्गे थेट येते. अशा यंत्रांत ती एस5 मध्येही उपस्थित असते. तरीही अंधार होतो, याचे कारण असे. एका माळेत दहा एलईडी असून प्रत्येकास सुमारे 3 व्होल्ट लागत असतील, तर माळेस 30 व्होल्ट हवेत. अडॅप्टरची वाहिनी सुमारे 19 व्होल्टची. ही तफावत भरून काढणारा बूस्ट परिपथ चालू असल्याखेरीज माळ उजळत नाही आणि तो अनुमतीखेरीज चालू होत नाही. अतएव बंद यंत्राचा पार्श्वदीप उजळ असेल, तर त्यास अनुमती मिळत आहे, अथवा तो परिपथच अनुमतीस जुमानेनासा झाला आहे. यावरून दोषाचे तीन प्रकार निष्पन्न होतात.

पहिला प्रकार : यंत्र एस5 पर्यंत पोहोचलेलेच नाही. पंखा किंवा पॉवरचा दिवा चालू राहतो, बूड गरम लागते, आणि पॉवर बटन 4 सेकंदांहून अधिक दाबून धरल्यावरच सर्व विझते. बंद करण्याची अंतिम क्रिया म्हणजे चिपसेटच्या नोंदवहीत अवस्थेचा संकेतांक लिहिणे. एखादा ड्रायव्हर त्यापूर्वीच अडकला, तर ती क्रिया घडत नाही. विंडोज 8 पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे येथे गुंतागुंत वाढते. त्यात 'शट डाउन' म्हणजे वापरकर्त्याचे सत्र संपवून कर्नल व ड्रायव्हर डिस्कवर जतन करणे, अर्थात अंशतः एस4; ड्रायव्हरची विकृत स्थितीही त्यासोबत जतन होऊ शकते. शिफ्ट कळ दाबून 'शट डाउन' निवडल्यास खरे बंद घडते. तेवढ्याने दोष नाहीसा झाला, तर फास्ट स्टार्टअप काढून टाकावे. न झाल्यास आधी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलावा व शेवटी बायोस अद्ययावत करावा; ड्रायव्हर मागे घेता येतो, अर्धवट राहिलेला बायोस पुष्कळदा घेता येत नाही.

दुसरा प्रकार : यंत्र एस5 मध्ये आहे, परंतु कंट्रोलरने अनुमती काढून घेतलेली नाही. पंखा थांबलेला असतो आणि बटन क्षणभर दाबताच यंत्र निर्मात्याच्या चिन्हापासून नव्याने सुरू होते. अडॅप्टर व बॅटरी काढून बटन अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून कंट्रोलर पूर्वस्थितीवर येतो. दोष पुन्हा उद्भवल्यास बायोस अद्ययावत करणे हाच उपाय, कारण कंट्रोलरची आज्ञावली बहुधा त्याच्यासोबतच येते.

तिसरा प्रकार विद्युत-दोषाचा. विद्युतभार काढल्यानंतर अडॅप्टर जोडताच, बटनास स्पर्श न करता, पंखा निश्चल असताना पार्श्वदीप उजळला, तर हा प्रकार जवळजवळ सिद्ध होतो. येथे मल्टीमीटर अपरिहार्य आहे. मदरबोर्ड व पटल यांना केबलने जोडणाऱ्या प्रचलित 30 पिनांच्या ईडीपी जोडणीत 22वी पिन अनुमतीची, 23वी पल्सची, 26 ते 29 पुरवठ्याच्या. 24 व 25 रिक्त. सांडलेला चहा किंवा दमट हवेतला गंज हे अंतर ओलांडून पुरवठ्याचा दाब अनुमतीपर्यंत पोहोचवू शकतो, म्हणून जोडणी प्रथम भिंगाखाली पाहावी. एस5 मध्ये 22व्या पिनवर शून्य असूनही प्रकाश असेल, तर दोष एलईडी-चालक चिपमध्ये. ती बहुधा पटलाच्याच पट्टीवर असल्याने पटल बदलावे लागते. दाब आढळल्यास केबल काढून मदरबोर्डच्या बाजूस पुन्हा मोजावे. तेथे तो कायम असेल तर दोष बोर्डाचा. नाहीसा झाला तर केबलचा किंवा पटलाचा, आणि केबलचा संशय बिजागरीपाशी आधी घ्यावा, कारण झाकणाच्या प्रत्येक उघडझापीत ती तेथेच वाकते. मोजणीपूर्वीच पटल बदलण्याची प्रथा खर्चिक असून बोर्डाचा दोष तिने जात नाही. केबल काढताना किंवा लावताना अडॅप्टर व बॅटरी दोन्ही विलग असावेत. पुरवठ्याच्या पिना जिवंत असताना कनेक्टर तिरका निघाला, तर पार्श्वदीपाचा फ्यूज उडतो आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढतो.