पाय टेकतात का?

दुचाकी घ्यायला गेलेला माणूस दुकानात गाडीवर बसला की सर्वांत आधी काय करतो? तो दिवा लावून पाहत नाही, हॉर्नही वाजवत नाही. तो खाली पाहतो. पाय जमिनीला टेकतात का, हे त्याला आधी बघायचे असते. उंच माणसाला हा प्रश्न पडत नाही. पण उंची पाच फुटांच्या आसपास असेल, आणि त्यातून गिऱ्हाईक बाई असेल, तर एक सल्ला हमखास मिळतो : ‘ही मोठी गाडी तुम्हाला झेपायची नाही, लहान घ्या.’

या सल्ल्यात दोन वेगळ्या राशींची गल्लत झालेली आहे. गाडी ‘मोठी’ असणे म्हणजे तिचे इंजिन मोठे आणि वजन जास्त असणे. गाडी ‘उंच’ असणे म्हणजे तिचे आसन जमिनीपासून दूर असणे. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या हिरो स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलोग्रॅम आणि आसनाची उंची ७८५ मिलिमीटर आहे. २०२२ साली प्रथम दाखवलेल्या रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिऑर ६५० या गाडीचे वजन २४१ किलोग्रॅम, म्हणजे दुपटीहून जास्त. पण तिचे आसन ७४० मिलिमीटरवर, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा साडेचार सेंटिमीटर खाली आहे! लांबच्या रस्त्यावर निवांत बसून जाण्यासाठी केलेल्या अशा लांबट, बैठ्या गाडीला ‘क्रूझर’ म्हणतात. जड गाडी ठेंगणी कशी झाली, हे समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे जायला हवे.

पायाच्या मापाचे चाक

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायटे नव्हते. स्वार मध्ये बसून पायांनी जमीन मागे रेटत असे. म्हणजे पहिल्या दुचाकीत पाय जमिनीला टेकणे ही सोय नसून तेच तिचे इंजिन होते.

पुढे पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात पुढच्या चाकाच्या आसालाच पायटे बसवले गेले. आता पाय जमिनीवरून उचलले गेले आणि एक नवी अडचण आली. पायटा एकदा फिरला की चाकही एकदाच फिरणार. मग एका फेऱ्यात जास्त अंतर कापायचे तर चाकच मोठे हवे. इंग्लंडमध्ये १८७०च्या सुमारास जेम्स स्टार्लीने ‘एरियल’ ही उंच चाकाची सायकल आणली आणि पुढची पंधरा वर्षे पुढचे चाक वाढत गेले. ५० इंच व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ४ मीटर होतो. ६० इंची चाकाचा परीघ ४.८ मीटर होतो. पण चाक किती मोठे घ्यायचे हे स्वाराच्या हातात नव्हते, ते त्याच्या पायाच्या लांबीवर ठरे. दर्जी विजारीचे माप घेतो तसे पायाच्या आतल्या बाजूचे माप घेऊन सायकल विकली जाई. लांब टांगांच्या माणसाला प्रत्येक फेऱ्यामागे एकपंचमांश अंतर फुकट मिळे. ठेंगण्या माणसाची गती त्याच्या हाडांनीच ठरवून टाकलेली असे. लांब झग्यातील स्त्रिया तर या शर्यतीत नव्हत्याच. त्यांच्यासाठी तीनचाकी होती.

हे कोडे सोडवले ते दातेरी चक्र आणि साखळी यांनी. १८८५ साली जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल आणली. पायट्याजवळचे दातेरी चक्र मोठे, मागच्या चाकाचे लहान. त्यामुळे पायटा एकदा फिरला की लहान चाक दोन-अडीच वेळा फिरे. वेग आता चाकाच्या आकारावर अवलंबून राहिला नाही, दातांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहिला. आसन खाली आले, पाय जमिनीजवळ आले आणि ठेंगणा माणूस उंच माणसाच्या बरोबरीला आला. या सायकलीला ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षित सायकल म्हणत, ते उगाच नाही. माणसाचे माप बदलता येत नाही, पण यंत्राची मांडणी बदलता येते, हा धडा दुचाकीच्या इतिहासात येथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

इंजिन कुठे ठेवायचे?

त्याच १८८५ साली जर्मनीत गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीत २६४ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसवले. इंजिन स्वाराच्या थेट खाली, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन लहान चाके. इंजिन आसनाखाली उभे केले की आसन वर जाणारच.

मग इंजिन ठेवायचे कुठे? १८९४ साली म्यूनिकच्या हिल्डेब्रँड आणि वोल्फम्युलर यांनी सुमारे दीड लिटरचे इंजिन आडवे करून चौकटीत खाली झोपवले. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी १८९७ साली ते पुढच्या चाकाच्या वर बसवले. गाडीचा वरचा भाग जड झाला आणि ओल्या रस्त्यावर ती घसरू लागली. १९०१ साली त्यांनीच इंजिन खाली, दोन चाकांच्या मधोमध, सायकलचे पायटे असतात त्या जागी आणले. ती जागा इतकी योग्य ठरली की आजही बहुतेक मोटारसायकलींचे इंजिन तेथेच असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोठ्या अमेरिकन गाड्या पाहिल्या तर त्यांची आसने आश्चर्य वाटावे इतकी खाली आहेत. कारण साधे आहे. बहुतेकींच्या मागच्या चाकाला स्प्रिंगा नव्हत्या. चाकाला वर-खाली हलायला जागा सोडावी लागत नसे, त्यामुळे आसन दोन चाकांच्या मधल्या खळग्यात बसवता येई. धक्के झेलायला आसनाखालीच स्प्रिंग असे.

१९१६ साली ऑगस्टा आणि अॅडेलिन व्हॅन ब्यूरेन या बहिणींनी हजार घनसेंटिमीटरच्या इंडियन गाड्यांवरून न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत अमेरिका ओलांडली. १९२९ साली जॉर्जिया राज्यातील व्हिव्हियन बेल्स ही तरुणी ४५ घनइंची, म्हणजे सुमारे ७४० घनसेंटिमीटरची हार्ले-डेव्हिडसन घेऊन एकटी निघाली आणि ७८ दिवसांत ५००० मैल फिरून आली. तिची उंची ५ फूट २ इंच आणि वजन ९५ पौंड, म्हणजे ४३ किलोग्रॅम होते. ‘झेपायची नाही’ या सल्ल्याला त्याच वेळी उत्तर मिळालेले होते.

तरी एक अडथळा खरोखरच शरीराचा होता. तो म्हणजे किक. मोठ्या सिलिंडरातील हवा दाबण्यासाठी स्वाराला आपले सगळे वजन किकवर टाकावे लागे. वजन कमी तर जोर कमी. १९६५ साली हार्लेने आपल्या सर्वांत मोठ्या गाडीला विजेचा स्टार्टर दिला आणि तिचे नावच ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ ठेवले. जे काम मांडीच्या स्नायूंचे होते ते बॅटरीकडे गेले.

आसन वर गेले, पुन्हा खाली आले

दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकाला स्प्रिंगा आणि धक्काशोषक आले. रॉयल एनफील्डच्या बुलेटला ते १९४९च्या सुमारास मिळाले, हार्लेच्या मोठ्या गाडीला १९५८ साली. प्रवास सुखाचा झाला. पण खड्ड्यात चाक वर उचलले जाणार म्हणून आसन आणि चाक यांच्यात जागा सोडणे भाग पडले. धक्काशोषकाचा पल्ला जितका लांब, तितके आसन वर. खडकाळ वाटांसाठी केलेल्या गाड्या उंच असतात त्या यामुळेच.

मग क्रूझर खाली कशी आली? येथे इतिहासाची एक गंमत आहे. ती ठेंगण्या माणसांच्या कळवळ्याने खाली आली नाही. अमेरिकेत हौशी तरुण जुन्या गाड्यांचे अनावश्यक भाग कापून त्या लांबट, बैठ्या करत. तो डौल लोकांना आवडला. १९७७ साली हार्लेने सुमारे २७ इंच उंचीच्या आसनाची गाडी काढली आणि तिला ‘लो रायडर’ हे नाव दिले. १९८४ साली त्यांच्या ‘सॉफ्टेल’ गाडीत धक्काशोषक आडवे करून गिअरपेटीच्या खाली लपवले होते. हेतू हा की गाडी जुन्या, बिनस्प्रिंगांच्या गाडीसारखी दिसावी. दिसण्यासाठी केलेला हा बदल कमी उंचीच्या स्वारांच्या पथ्यावर पडला. जपानी कंपन्याही १९८०च्या दशकात याच वाटेने गेल्या. आपल्याकडे पुण्याच्या बजाज ऑटोने २००५ साली आणलेली अॅव्हेंजर याच कुळातली. तिच्या २२० घनसेंटिमीटरच्या गाडीचे आसन ७३७ मिलिमीटरवर होते.

दोन साधी गणिते

आता वजनाचा प्रश्न. उभी गाडी सरळ असते तेव्हा तिचे सगळे वजन चाके पेलतात. ती कलली की मात्र स्वाराला आधार द्यावा लागतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि आपण ती एक मीटर उंचीवर हँडलाला धरली आहे असे समजू. तरफेच्या नियमाने २४१ किलोग्रॅमची गाडी ५ अंश कलली तर साडेदहा किलोग्रॅमचा जोर लागेल, १० अंश कलली तर २१ आणि २० अंश कलली तर ४१ किलोग्रॅमचा. ११२ किलोग्रॅमची गाडी २० अंश कलली तर १९ किलोग्रॅमचा जोर लागतो. म्हणजे ५ अंशांत सावरलेली जड गाडी २० अंशांपर्यंत कललेल्या हलक्या गाडीपेक्षा सोपी! आसन खाली असले की पाय लवकर टेकतो आणि कल वाढण्याआधीच थांबवता येतो. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. जड गाडी एकदा हाताबाहेर कलली की तिला कोणीच थोपवू शकत नाही. उंच माणूससुद्धा नाही.

दुसरे गणित पायथागोरसचे. आसन ७४ सेंटिमीटरवर आहे म्हणून ७४ सेंटिमीटरचा पाय पुरत नाही, कारण आसनाच्या रुंदीमुळे पाय फाकतात. पाऊल मध्यरेषेपासून १५ सेंटिमीटर दूर पडले तर पायाची लांबी साडेपंच्याहत्तर सेंटिमीटर लागते. २५ सेंटिमीटर दूर पडले तर ७८. म्हणून कागदावरची उंची सारखी असलेल्या दोन गाड्यांत निमुळत्या आसनाची गाडी ‘ठेंगणी’ ठरते. बुटाचा तळ आणि बसल्यावर दबणाऱ्या स्प्रिंगा यांतून थोडे माप परत मिळते, ते वेगळेच.

निवड कशी करावी?

एवढे कळले की कमी उंचीच्या माणसाने मोठी क्रूझर निवडताना काय पाहावे हे आपोआप ठरते. नेहमीचे बूट घालून गाडीवर बसावे आणि ती साइड स्टँडवरून सरळ करून पाहावी. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही. उजवा पाय ब्रेकवर ठेवून डावे पाऊल पुरते टेकले तरी सिग्नलला थांबता येते. मात्र दोन्ही बाजूंना नुसती बोटेच टेकत असतील तर रस्त्याच्या उतारावर फजिती होईल. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे, कारण क्रूझरचे हँडल रुंद असते आणि आखूड हातांना त्याचे पलीकडचे टोक दूर जाते. पाय ठेवण्याच्या खुंट्या फार पुढे असतील तर कंबर आखडते. तोंड उताराकडे करून गाडी लावू नये. अडीचशे किलोग्रॅम चढावर मागे ढकलायला दोन माणसे लागतात.

आसनाचा फोम थोडा तासून दोन-तीन सेंटिमीटर मिळवता येतात. धक्काशोषक आखूड करून गाडी खाली आणणे मात्र महागात पडू शकते. सुपर मीटिऑरचे पोट मुळातच जमिनीपासून १३५ मिलिमीटरवर आहे. ते आणखी खाली आणले तर आपले गतिरोधक त्याला घासतील आणि वळणावर गाडी कलवायलाही जागा उरणार नाही. खाली येण्याची किंमत कुठेतरी मोजावीच लागते.

वर्गात हा विषय सहज घेता येईल. भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, दोन पायांमध्ये पाठ्यपुस्तक आडवे धरायचे आणि त्याच्या वरच्या कडेची उंची मोजायची. ती साधारण स्वतःच्या उंचीच्या ४५ ते ४७ टक्के भरते. मग शिक्षकांच्या उभ्या दुचाक्यांच्या आसनांची उंची मोजून घ्यायची आणि कोणती गाडी कोणाला बेताची होईल हे आकृती काढून सांगायचे. गाडीवर बसण्याची गरज नाही, फूटपट्टी आणि वर्गमूळ पुरे. कोणाची लांबी कमी भरली म्हणून वर्ग हसला, तर त्याच वेळी ४३ किलोग्रॅमच्या व्हिव्हियन बेल्सचे ५००० मैल सांगावेत. मुलामुलींना पुढे कोणीतरी ‘तुला झेपायची नाही’ असे सांगणारच आहे. तेव्हा, नेमके काय झेपायचे नाही, वजन, उंची की रुंदी, असा उलट प्रश्न त्यांना विचारता आला, तर तास सत्कारणी लागला असे समजावे.