मनगटाचा श्वास

पॅरिस, जानेवारी 1843. स्क्वेअर दॉर्लेआँच्या आवारात तुम्ही हात खिशात घालून उभे आहात, कारण गारठलेली बोटं आज चालणार नाहीत. 5 नंबरात लेखिका जॉर्ज सांद राहतात. तुम्हाला जायचंय 9 नंबरात, शोपाँकडे. काखेत त्यांच्याच सी मायनर नॉक्टर्नची प्रत आहे, ओपस 48 मधलं पहिलं.

दार उघडतं. खोलीत दोन पियानो, दोन्ही प्लेयेल कंपनीचे. मोठ्यावर शिष्यानं बसायचं, लहान उभ्यावर स्वतः शोपाँ. वय अवघं 32, पण बोलता बोलता खोकला येतो. पियानोवर लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम आहे. भावनेनं ओथंबलेल्या या संगीतकाराच्या खोलीत ते यंत्र पाहून तुम्हाला नवल वाटतं.

तुम्ही आलात ते शेवटच्या भागासाठी. तिथे पहिलीच चाल दुप्पट वेगानं परत येते, खाली तिहेरी ठोक्यांच्या स्वरगुच्छांची गर्दी, आणि त्या गर्दीत चाल बुडते. गेले दोन महिने तेवढाच भाग तुम्ही घासताय. रोज सहा तास, तुम्ही अभिमानानं सांगता. शोपाँचा चेहरा उतरतो. तीन तासांपेक्षा जास्त बसू नका, ते बजावतात.

मग सुरुवातीपासून वाजवायला सांगतात.

तुमच्या घरच्या पियानोपेक्षा इथली पट्टी हलकी आहे, खाली जातेही थोडीच. सवयीनं तुम्ही जोर लावता आणि पहिलाच सूर कर्कश उमटतो. चार बार होतात न होतात तोच शोपाँचा हात वर होतो. पुन्हा. पुन्हा तेच. तुम्ही मनातून चिडता. ही सुरुवात तर सोपी आहे! संथ लय, डाव्या हातात खर्ज आणि स्वरगुच्छ, उजव्यात एक सूर, मग विराम, मग पुढचा सूर.

ते लहान पियानोवर तेच चार बार वाजवतात. आपल्याकडे गुरू चुकलेली जागा स्वतः गाऊन दाखवतात, तसंच. तुम्ही बोटांकडे बघत बसता आणि फसता. कारण घडतंय ते मनगटात. प्रत्येक विरामाला ते अलगद उचललं जातं, गाणारी बाई जिथे दम घेईल नेमकं तिथे. तुम्ही विराम मोजत होता, ते श्वास घेत होते. एवढाच फरक, पण तो कानावर आला की आपलं वाजवणं आपल्यालाच ऐकवत नाही.

ऑपेराला जा, गायक ऐका, ते सांगतात. बोटांच्या तक्रारीवर गाण्याचं औषध देणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता तुम्ही श्वास घेत वाजवता, आणि लगेच डावा हातही भावनेच्या भरात डुलू लागतो. शोपाँ मेट्रोनोमकडे बोट दाखवतात. डाव्या हातानं लय सोडायची नाही. उजव्यानं रेंगाळावं, घाई करावी, पण खालची लय ढळू द्यायची नाही. तबला ठेका धरून चालतो आणि गाणारा त्यावर ऐलपैल खेळतो, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. पियानोपाशी बसल्यावर ते कसं विसरलात?

सहज, सहज, असं ते म्हणत राहतात. तुमचे खांदे खाली येतात. सहाव्या खेपेला ते थांबवत नाहीत.

मग पेन्सिल घेऊन तुमच्या प्रतीवर वाकतात. एका सुरावर 3 लिहितात, पुढच्याही सुरावर 3. तुम्ही तिथे बोट बदलून दोन सूर सफाईनं जोडत होता. आता तेच बोट उचलून ठेवावं लागेल, आणि हात आपोआप श्वास घेईल. दुसरा शेरा नाही.

वेळ संपते. शेकोटीवरच्या फळीवर तुम्ही 20 फ्रँक ठेवता. शेवटच्या भागाचं पान उघडलंही गेलं नाही, तरी तिथे चाल का बुडत होती ते तुम्हाला कळलंय: ती पहिल्या पानावरच गुदमरली होती.

बाहेर पुढची शिष्या हातमोजे काढतेय. तुम्ही आवार ओलांडेपर्यंत आतून सूर येतात. ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी. लांब बोटांना काळ्या पट्ट्या, आखूड बोटांना पांढऱ्या, हात जसा मुळात आहे तसा. म्हणून शोपाँ बी मेजर स्केल आधी शिकवतात आणि नवशिक्यांना सोपी वाटणारी सी मेजर शेवटी.

तिसऱ्या सुरावर ती थांबते. मग पुन्हा पहिल्यापासून.