मनोऱ्याचा पाया आणि गांवची पांढरी
(जामखेड तालुक्यासंबंधीं एक विचार)

खेड्यांत दूरसंचाराचा मनोरा उभारण्यापूर्वीं त्या जागेची पुरातत्त्वदृष्ट्या पाहणी व्हावी, हें म्हणणें प्रथमदर्शनीं कोणास अतिरेकाचें वाटेल. मनोऱ्यास जागा ती किती लागते, आणि जामखेडसारख्या तालुक्यांत उकरून निघणार तरी काय, असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचें उत्तर देणें हाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

आपल्या ग्रामव्यवस्थेंत जमिनीचे दोन भेद पूर्वापार मानले आहेत. काळी ही पिकाची, पांढरी ही वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती व चुलींची राख यांनीं वस्तीची माती पांढुरकी होते व थरावर थर चढून तिचें टेंकाड बनतें. गांव उठून अन्यत्र गेलें तरी टेंकाड राहतें. आतां मनोरा उभारणारा काय शोधतो? लहरी दूरवर पोहोंचाव्या म्हणून उंचवटा. काळी माती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते म्हणून तिच्याबाहेरची जमीन. आणि वस्तीनजीकची मोकळी जागा. हीं तिन्ही लक्षणें ओसाड पांढरीस लागू पडतात. तेव्हां मनोरा व पांढरी यांची गांठ पडली तर तो केवळ योगायोग समजूं नये.

नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्याच्या मातीची योग्यता नव्यानें सिद्ध करावयास नको. जोर्वे येथें १९५०-५१ त, व नेवासें येथें १९५४ ते ५६ या काळांत उत्खननें झालीं. नेवाशाचें काम डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं झालें. दायमाबादचें स्थळ १९५८ सालीं श्री. बोपर्डीकर यांनीं उजेडांत आणलें. तेथेंच १९७४ त झुडपाचें मूळ खणतांना एका ग्रामस्थास बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातुमूर्ती सांपडल्या. मूर्ती वांचल्या, परंतु त्या शास्त्रशुद्ध उत्खननांत न निघाल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद राहिला. वस्तु हातीं येऊनहि तिचा थर गेला म्हणजे काय हानि होते, याचा हा आपल्याच जिल्ह्यांतील दाखला होय.

जामखेड तालुक्यांत १७२५ त अहिल्याबाईंचा जन्म झालेली चौंडी आहे. ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची जेथें लढाई झाली तें खर्डें आहे. खर्ड्याच्या किल्ल्याचा तट कोणासहि दिसतो. रणभूमीस मात्र तट नसतो. लढाईचीं वर्णनें कागदांत आहेत; पण कोणती तोफ कोठें डागली, पळ कोणत्या वाटेनें झाला, याचा पडताळा गोळे व नाल जेथें पडले त्या ठिकाणांवरूनच घेतां येतो. अशा शेतांतून तारेचा चर गेला कीं तो पुरावा हलला.

कायदा या कामीं अपुरा पडतो. १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीनें संरक्षित स्मारकाभोंवतीं १०० मीटर बांधकामास मनाई व त्यापुढें २०० मीटर नियंत्रण ठरलें. परंतु जी पांढरी संरक्षित म्हणून जाहीरच झाली नाहीं, तिला याचा उपयोग नाहीं. १८७८ चा निखात-निधीचा कायदा दहा रुपयांवरील निधीची खबर कलेक्टरास द्यावयास सांगतो. पण खापर आणि राख यांस निधि कोण म्हणेल? इंग्लंडांत १९९० पासून बांधकामास परवानगी देण्यापूर्वींच भूगर्भांतील अवशेषांचा विचार करण्याचें धोरण आलें.

येथें उपाय खर्चाचा नाहीं. पाया आंखण्यापूर्वीं जाणत्या दोघांनीं जागा पायीं हिंडावी. खापरें, विटा, घडीव दगड कोठें दिसतात तें नकाशावर मांडावें. वृद्धांस शेतांचीं जुनीं नांवें विचारावीं. खूण आढळल्यास परीक्षणापुरता लहान खड्डा घ्यावा, आणि जरूर तर मनोरा बाजूस सरकवावा. मनोरा नको असें कोणी म्हणत नाहीं. आजाऱ्यासाठीं रात्रीं गाडी बोलवावयाची तर खेड्यास तो हवाच.

कै. राजवाडे यांनीं घरोघर हिंडून कागद वांचविले. पांढरी हेंहि गांवचें दप्तरच आहे. मात्र कागदाची क्वचित् नक्कल मिळते, उकरलेल्या थराची मिळत नाहीं. म्हणून जामखेडकडील अभ्यासकांस विनंति कीं, त्यांनीं आपापल्या गांवच्या ओसाड पांढरींची याद तयार करावी व तिची एक प्रत ग्रामपंचायतींत ठेवावी. जागा मागावयास येणाऱ्यास ती प्रथम दाखवितां येईल.