नागपूरचा पक्ष, अलीगढचा विजय

१९५२ च्या निवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईत पराभूत झाले. एकाच समाजाच्या मतांवर पक्ष तरत नाही, हे उघड झाले. १९५७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेले आणि दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत पोहोचले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य मिळाले आणि समितीची एकजूट सरली. १९६२ मध्ये इथून पक्षाचा एकही खासदार निवडून आला नाही.

उत्तर प्रदेशाने मात्र तीन दिले. १९६१ च्या दंगलीनंतर अलीगढला दलित-मुस्लिम एकत्र आले, बी. पी. मौर्य जिंकले. मुरादाबादला पक्षाने मुसलमानाला उमेदवारी दिली, तोही जिंकला. मागणी पुरी झाली की तिच्यापुरती मैत्री संपते; सत्तेत वाटा दिला, तरच परका मतदार आपला होतो.