कंपाऊंड बो, एअर रायफल आणि ट्रेल कॅमेरा: कसे चालतात आणि कारंजात कुठे वापरता येतात?

रील्स बघताना असा व्हिडीओ तुमच्याही फीडमध्ये आला असेल. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं वाळवंट, मातकट रंगाचे कपडे, हातात चाकं लावलेलं धनुष्य आणि लांबवर एक हरीण. बघून पहिला प्रश्न पडतो, हे सामान आपल्याकडे मिळतं का?

बरंचसं मिळतं. पण तिकडे ठरलेल्या हंगामात लायसन्स घेऊन शिकार करता येते, आपल्याकडे नाही. कारंजा लाडमध्ये राहणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्यायलाच हवं, कारण आपल्या शहराजवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. २००० साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचं आहे. काळविटाला मात्र त्याची हद्द कळत नाही, ते शेजारच्या सोयाबीन-हरभऱ्याच्या शेतातही दिसतं. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी बघू: ही साधनं कशी चालतात, आणि ती वापरताना कुठे थांबायचं.

कंपाऊंड बो म्हणजे काय?

साध्या धनुष्याची दोरी जितकी जास्त ओढाल तितका जोर वाढत जातो. नेम धरताना तो सगळा जोर बोटांवर आणि खांद्यावर असतो. ऑलिम्पिकमध्ये दिसणारं रिकर्व्ह धनुष्य असंच चालतं.

कंपाऊंड बोच्या दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असतात. ती पूर्ण गोल नसतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. दोरी ओढताना मधल्या टप्प्यात जोर लागतो, पण शेवटी कॅम फिरला की वजन एकदम उतरतं. याला लेट-ऑफ म्हणतात. समजा धनुष्य ५० पाउंडाचं आहे आणि लेट-ऑफ ८० टक्के आहे, तर पूर्ण ओढल्यावर हातावर फक्त १० पाउंड, म्हणजे साधारण साडेचार किलो वजन राहतं. त्यामुळे नेम शांतपणे धरता येतो. दोरी बोटांऐवजी रिलीज एड नावाच्या छोट्या यंत्राने सोडतात. दोरीतल्या बारीक छिद्रातून आणि पुढच्या भिंगातून बघून नेम साधतात.

या प्रकारात आपली मुलं जगात पुढे आहेत. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला. फायनलमध्ये त्याने १५० पैकी १५० गुण घेतले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी १७ व्या वर्षी महिलांमध्ये जगज्जेती झाली. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनेही त्याच वर्षी शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये सुवर्णपदक मिळवलं. कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही असणार आहे.

सुरुवात कशी करायची?

थेट महागडा कंपाऊंड बो ऑनलाइन मागवू नका. आधी क्लबमध्ये हलक्या धनुष्यावर सराव करा. इंडियन राउंड प्रकारात बांबूचं धनुष्य वापरतात, ते बरंच स्वस्त पडतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं नांदगाव खंडेश्वर धनुर्विद्येसाठी ओळखलं जातं, तिथे चौकशी करता येईल.

हे लक्षात ठेवा:

- ड्रॉ लेंग्थ: दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि २.५ ने भागा. १७५ सेंमी असेल तर ७० सेंमी, म्हणजे साधारण साडेसत्तावीस इंच. हा अंदाज आहे, पक्कं माप कोचकडून घ्या.
- बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. बाणाला मिळायची ती सगळी ऊर्जा धनुष्यातच राहते, कॅम आणि पाती तुटू शकतात, इजाही होते.
- फोन स्टँडवर लावून स्लो मोशनमध्ये स्वतःचा व्हिडीओ काढा. खांदा वर जातो का, हात कधी हलतो, हे लगेच दिसतं.

एअर रायफल: परवाना लागतो का?

एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेली हवा छर्ऱ्याला पुढे ढकलते. स्पर्धेतल्या १० मीटर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याची ऊर्जा साधारण ७-८ ज्यूल असते. टार्गेटवरचा १० गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! मोठ्या स्पर्धांमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं, सेन्सर छर्रा कुठून गेला ते टिपतात आणि गुण लगेच स्क्रीनवर येतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये याच प्रकारात जगज्जेता झाला.

आर्म्स रूल्स २०१६ नुसार ४.५ मिमी (.१७७) कॅलिबरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. यापेक्षा मोठं कॅलिबर किंवा जास्त ताकद असेल तर परवाना हवा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ती .२२ ची रायफल. तिच्यात खरी गोळी असते, त्यामुळे तिला परवाना लागतो.

इथेच अनेकांची गफलत होते. घ्यायला परवाना लागत नाही, याचा अर्थ कशावरही चालवायला परवानगी आहे असा नाही. तितर, ससा, मोर यांच्यावर छर्रा मारणं हीसुद्धा शिकारच.

कायदा नेमका काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत येतं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे, वर किमान २५,००० रुपये दंड. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाणं हाही गुन्हा आहे, मग ते तुम्ही वापरा की नका वापरू. गुन्ह्यात वापरलेली गाडी आणि हत्यारं जप्त होतात.

अशी प्रकरणं विसरली जात नाहीत. राजस्थानात जोधपूरजवळच्या १९९८ च्या काळवीट प्रकरणात अभिनेता सलमान खानला २०१८ मध्ये, म्हणजे २० वर्षांनी, ५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे जामीन मिळाला आणि प्रकरण अपिलात गेलं. आजकाल तर लोक स्वतःच व्हिडीओ टाकतात, आणि तोच व्हिडीओ पुरावा ठरू शकतो.

मग पिकाचं नुकसान होतं त्याचं काय? रोही, रानडुक्कर आणि काळवीट रात्रीतून उभं पीक खातात, हे खरं दुखणं आहे. पण उपाय धुऱ्यावर एअरगन घेऊन बसणं नाही. शेताचे फोटो काढा, ताबडतोब वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईसाठी अर्ज करा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

ट्रेल कॅमेरा: न मारता टिपायचं साधन

ॲरिझोनाच्या वाळवंटातले शिकारी २०२१ पर्यंत प्राण्याची वाट शोधायला ट्रेल कॅमेरा लावायचे. आपल्याकडे असाच कॅमेरा वाघांच्या गणनेत वापरतात. त्यात पीआयआर सेन्सर असतो. समोरून गरम शरीर हललं की उष्णतेतला फरक त्याला कळतो आणि कॅमेरा जागा होतो. रात्री इन्फ्रारेड एलईडीच्या प्रकाशात फोटो निघतो, त्यामुळे फ्लॅश चमकत नाही.

स्वतःच्या शेतात तो लावता येतो. रात्री पीक कोण खातं हे कळतं. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय लावू नका. आलेला फोटो शेअर करताना लोकेशन काढून टाका, नाहीतर शिकाऱ्याला तुम्हीच पत्ता द्याल.

नेहमीचे प्रश्न

धनुष्याने मारलं तर चालतं का? नाही. कायदा साधन बघत नाही. गोफण असो की कंपाऊंड बो, शिकार ती शिकारच.

हंटिंगचे पाती असलेले बाण घ्यावेत का? टार्गेटसाठी त्यांचा उपयोग नाही. ते टार्गेट फाडतात आणि हाताळताना बोटं कापतात. साधं टोकदार फील्ड पॉइंट घ्या.

घराच्या गच्चीवर सराव करू का? मागे भक्कम अडथळा नसेल तर नाही. चुकलेला बाण किंवा छर्रा कुठे जाईल, हे आधी बघा आणि मगच दोरी ओढा.